अवकाश दूरदर्शकांवरील निरीक्षणकाल

वातावरणाबाहेर ठेवलेल्या दूरदर्शकातून वेध घेण्यासाठी ज्योतिर्विदांना अर्जानुसार मिळणारा वेळ. मागणी उपलब्ध वेळेच्या अनेक पटींनी असल्याने तो कोणाला द्यावा, हा प्रश्न यंत्ररचनेइतकाच महत्त्वाचा ठरला आहे.

१९७८ साली सोडलेल्या आंतरराष्ट्रीय जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य प्रारण टिपणाऱ्या) समन्वेषक उपग्रहाच्या बाबतीत निवड झालेला ज्योतिर्विद अमेरिकेतील ग्रीनबेल्ट किंवा स्पेनमधील माद्रिदजवळील केंद्रात स्वतः उपस्थित राहून वेध घेई. दिवसाचे सोळा तास अमेरिकेकडे व आठ यूरोपकडे असत. १९९० पासून कार्यरत झालेला हबल दूरदर्शक पृथ्वीलगत फिरत असल्याने त्याचे वेळापत्रक आगाऊ ठरवावे लागते. त्याच्यासाठी आलेल्या प्रस्तावांचे परीक्षण तज्ज्ञांच्या समित्या करतात. २०१८ पासून अर्जदारांची नावे परीक्षकांपासून गुप्त ठेवण्यात येऊ लागली. काही वेळ संचालकाच्या अधिकारात असतो. १९९५ च्या डिसेंबरात रॉबर्ट विल्यम्स यांनी असे दहा दिवस जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या आकाशखंडासाठी दिले. निर्णय धाडसाचा होता. परंतु तेथे हजारो दीर्घिका आढळल्या.

भारताची ॲस्ट्रोसॅट ही वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सु. ६५० किमी. उंचीच्या कक्षेत सोडण्यात आली. आरंभीचा काळ चाचण्यांसाठी व उपकरणे घडविणाऱ्या गटांसाठी राखीव होता. या गटांची अनेक वर्षे त्या कामी गेली असल्याने हे न्याय्यच होते. ऑक्टोबर २०१६ पासून इतर भारतीय संशोधकांना वेळ मिळू लागला. प्रस्ताव स्वीकारण्याची संगणकीय प्रणाली पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रात (आयुका) तयार झाली.

अर्जदारास वैज्ञानिक हेतू, प्रमुख उपकरण व आवश्यक अवधी नमूद करावा लागतो. प्रस्ताव मंजूर झाला, तरी वेध केव्हा घ्यावयाचा हे निसर्गच पुष्कळसे ठरवितो. सूर्याच्या दिशेजवळ दूरदर्शक वळविता येत नाही. प्रत्येक फेरीत पृथ्वी आड येते. दक्षिण अटलांटिकवरील भारित कणांच्या पट्ट्यात निरीक्षण थांबवावे लागते. तेजस्वी ताऱ्यामुळे जंबुपार अभिज्ञातकास इजा होण्याचा धोका असल्याने तो रोख टाळतात. हे उपकरण कक्षेच्या रात्रीच्या भागातच चालते. म्हणूनच थोड्या तासांच्या वेधासही अनेक फेऱ्या लागतात.

आयुकातील कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांना सु. ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेतील अतिजंबुपार प्रारण सापडले, ते ऑक्टोबर २०१६ मधील २८ तासांहून अधिक निरीक्षणांतून. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

वेधांची माहिती ठराविक मुदतीपर्यंत अर्जदारापुरतीच राखून ठेवतात. सप्टेंबर २०१८ मध्ये ॲस्ट्रोसॅटचा माहितीसंग्रह सर्वांना खुला झाला. त्यामुळे मोठी वेधशाळा नसलेल्या नागपूरसारख्या शहरातील विद्यापीठीय अध्यापकास वा विद्यार्थ्यास निरीक्षणकाल न मागताही त्या माहितीवर संशोधन करणे शक्य झाले.