लाकूड आत, भिंत बाहेर

जुन्या जालन्यातल्या वाड्यासमोर उभं राहिलं, तर रस्त्यावरून लाकूड फारसं दिसत नाही. खाली दगड, वर विटांची किंवा पांढऱ्या मातीची जाड भिंत आणि मधे दाराची चौकट. लाकडाचा सगळा थाट आत, चौकाभोवती: खांब, तुळया, कड्या, वर माळवद. घर मोजायचं तेही खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत. आताच्या बंगल्यांचं उलट झालं आहे. आत सिमेंट आणि सळई, आणि बाहेर ‘एलिव्हेशन’ला लाकडी पट्ट्या. त्यासाठी परदेशी ‘मॉडिफाइड’ लाकूड घ्यावं का, असं ओळखीतले लोक मला विचारतात. याचं उत्तर मला कंपन्यांच्या माहितीपत्रकांपेक्षा इतिहासात जास्त सापडलं. लाकूड टिकवण्याची प्रत्येक युक्ती आपापल्या मुलखातल्या शत्रूला ओळखून जन्माला आली आहे. तो शत्रू आपला आहे का, हे आधी बघायला हवं.

आपल्याकडे पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेलं वर्ष कोरडं, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. लाकूड कुजवणारी बुरशी सतत ओल असेल तिथे वाढते. उघड्या, वाऱ्यावरच्या लाकडात ती जालन्याला फार काळ तग धरत नाही. इथे लाकूड खाते ती वाळवी, आणि फाडतं ते ऊन. जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. खांब थेट जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा करायचा. सागाचा गाभा वापरायचा, बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाकायचं. कारण वाळवीला न मानवणारी द्रव्यं गाभ्यातच असतात. वरून जवसाचं तेल, कुठे बिब्ब्याचं. जाड भिंती दरोडेखोरांच्या भीतीनेही बांधल्या जात, पण त्यांच्या आडोशाला लाकूड उन्हापासून वाचलं, हेही खरं.

वाळवीवरचं आधुनिक उत्तरही भारतातच सापडलं. देहरादूनची वनसंशोधन संस्था १९०६ची. रेल्वेचे स्लीपर आणि तारांचे खांब टिकवणं ही त्या काळची मोठी गरज होती. तिथल्या सोंती कामेसम यांनी १९३३मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण शोधलं. आर्सेनिक आणि तांबं यांच्या रासायनिक खुणांवरून त्याचं नाव पडलं ‘अ‍ॅस्कू’. दाब देऊन ते लाकडात मुरवलं की वाळवी आणि बुरशी दोन्ही दूर राहत. पुढे जगभर विजेचे खांब, कुंपणं, घरांचे सज्जे त्याच मिश्रणावर उभे राहिले.

पण ते विष होतं. आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेतल्या उत्पादकांनी २००३च्या अखेरीस घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं थांबवलं. युरोपनेही निर्बंध घातले. विष न घालता लाकूडच बदलण्याच्या जुन्या प्रयोगांना त्यामुळे बाजार मिळाला. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात लाकूड वाफेच्या सान्निध्यात १८० ते २१५ अंशांपर्यंत तापवण्याची पद्धत रुळली. त्याने लाकडाची पाणी शोषण्याची भूक कमी होते, पण ते ठिसूळही होतं. दुसरी पद्धत अ‍ॅसिटिलेशनची. अमेरिकेत मॅडिसनच्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात तिच्यावर काम झालं होतं. २००७मध्ये नेदरलंड्समधल्या आर्नेमला ‘अकोया’ नावाने मोठं उत्पादन सुरू झालं. यात अ‍ॅसेटिक अनहायड्राइड लाकडात मुरवतात, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या रासायनिक जागा भरून टाकतात. असं लाकूड फुगत-आकसत नाही म्हणावं इतकं कमी हलतं.

या दोन्ही पद्धती ओल्या, थंड देशांत वाढल्या. त्यांचा पहिला शत्रू बुरशी. म्हणून जालन्यात निवड करताना मी तीन गोष्टी बघतो. पहिली, वाळवी. नुसतं तापवलेलं लाकूड वाळवीपुढे भरवशाचं नाही. अ‍ॅसिटिलेशन केलेलं पुष्कळ बरं. दुसरी, ऊन. कुठलंही लाकूड बाहेर उघडं ठेवलं की करडं पडतं. तपकिरी रंग हवा असेल तर तेल किंवा लेप पुन्हा पुन्हा द्यावाच लागतो. तिसरी, आग. १८२८मध्ये शनिवारवाड्याचे लाकडी मजले जळाले आणि दगडी तट उरला. मॉडिफाइड लाकूडही जळतं. अग्निरोधक प्रक्रिया वेगळी मागावी लागते.

बाकीचं काम जुन्या सुतारांसारखंच. पट्ट्या जमिनीपासून हातभर वर सुरू करायच्या, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढताना दिसते. मागे हवा खेळायला फट ठेवायची. अ‍ॅसिटिलेशनच्या लाकडात थोडं आम्ल उरतं, ते साधा खिळा खातं. सळयांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातही स्क्रू स्टेनलेसचेच लागतात.

आणि निवड करण्याआधी एकदा जुन्या लाकडाच्या वखारीत जावं. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया तिथे विकायला येतात. त्यांतल्या सागाच्या गाभ्याने इथलीच वाळवी आणि इथलेच उन्हाळे पाहिलेले असतात. चिरून, छपराच्या सावलीत लावला, तर दर्शनी भिंतीसाठी मी आधी तोच घेईन. उघड्या, पश्चिमेच्या भिंतीला मात्र मी लाकूड लावणारच नाही. तिथे आजही जाड भिंतच बरी.