लासलगाव परिसरातील ऐतिहासिक स्थळे

लासलगाव परिसरातील ऐतिहासिक स्थळे : महाराष्ट्र राज्याच्या नासिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, नासिकच्या ईशान्येस सु. ६० किमी. वर लासलगाव वसले आहे. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील हे स्थानक कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर परिचित असले, तरी त्याच्या सभोवतालच्या प्रदेशास सातवाहन काळापासूनचा इतिहास आहे. उत्तरेस सातमाळा डोंगररांग आणि दक्षिणेस गोदावरीचे खोरे यांमधील या पट्ट्यातून सुरत–औरंगाबाद व मुंबई–आग्रा हे दोन महत्त्वाचे मार्ग जात. त्यांच्या रक्षणासाठी डोंगरावर किल्ले उभे राहिले, तर सपाटीवर पेठा आणि गढ्या वाढल्या. या परिसरात स्थळे आणि तेथून मिळालेल्या वस्तू यांची बव्हंशी ताटातूट झाली आहे. त्यामुळे अभ्यासकाला स्थळ एका गावी आणि त्याचा पुरावा दुसऱ्या गावी पाहावा लागतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला नाणेसंचय होय. सु. १३,२५० चांदीच्या नाण्यांच्या या संचयात क्षहरात क्षत्रप नहपान याची नाणी होती व त्यांपैकी सु. ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली मुद्रा पुन्हा उमटविलेली आढळली. जिंकलेल्या राजाचे चलन वितळविण्याऐवजी त्यावरच स्वतःचे चिन्ह ठोकून ते चालू ठेवण्याची ही रीत राजकीय विजयाइतकीच व्यवहाराची निकडही दर्शविते. नासिकजवळील पांडवलेण्यांत याच सत्तांतराच्या दोन्ही बाजू कोरलेल्या आहेत. नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख दहाव्या लेण्यात असून, क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचा उल्लेख असलेला गौतमी बलश्रीचा लेख तिसऱ्या लेण्यात आहे. लेख जागेवर राहिले, नाणी मात्र निरनिराळ्या संग्रहांत गेली. त्र्यंबकेश्वर मार्गावरील अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था व तिचे नाणेसंग्रहालय यांमुळे या विषयाच्या अभ्यासाची सोय जिल्ह्यातच झाली. लेणी पाहण्यापूर्वी हे संग्रहालय पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

लासलगावच्या उत्तरेस सु. २० किमी. वरील चांदवड हे होळकरांच्या दक्षिणेतील सत्तेचे प्रमुख ठाणे होते. येथील टांकसाळीत पाडलेला रुपया ‘चांदोरी’ या नावाने ओळखला जाई. अहिल्याबाई होळकरांच्या (१७२५–९५) नावाशी निगडित असलेला रंगमहाल लाकडी कोरीव काम व भित्तिचित्रे यांसाठी प्रसिद्ध आहे. डोंगरातील रेणुकामंदिराच्या जीर्णोद्धाराचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांविरुद्धच्या युद्धात कर्नल वॉलेसने चांदवड घेतले, पुढे ते परत मिळाले; परंतु १८१८ च्या मंदसोरच्या तहानुसार सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख होळकरांना सोडावा लागला व चांदवडचे राजकीय महत्त्व संपुष्टात आले. गावामागील डोंगररांगेतील इंद्राई किल्ल्यावर, शाहजहानचा सेनापती अलावर्दीखान याने १६३६ मध्ये मिळविलेल्या विजयाचा फार्सी शिलालेख आहे. तो मूळ जागीच असल्याने किल्ला चढल्याशिवाय दिसत नाही आणि उघड्यावर असल्याने ऊन-पावसाचा मारा त्याला चुकत नाही.

मनमाडच्या दक्षिणेस अणकाई-टणकाई ही जोडकिल्ल्यांची जागा आहे. टणकाईच्या दक्षिण अंगावरील जैन लेणी व अणकाईवरील ब्राह्मणी लेणी किल्ल्यांच्या मध्ययुगीन इतिहासाहून जुनी आहेत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तेवनो याने सुरत–औरंगाबाद मार्गावरील मुक्काम म्हणून अणकाईचा उल्लेख केला आहे. १८१८ मध्ये मॅक्डॉवेलच्या फौजेपुढे हा बळकट किल्ला एकही गोळी न झाडता शरण गेला.

सपाटीवरील अवशेषांची स्थिती अधिक नाजूक आहे. लासलगावातील भुईकोटाचा संबंध स्थानिक परंपरा होळकरांशी जोडते. दक्षिणेस जवळच असलेले विंचूर हे विठ्ठल शिवदेव यांच्या विंचूरकर घराण्याचे ठाणे होय. मात्र लोकमान्य टिळकांच्या वास्तव्यामुळे पुण्यातील विंचूरकर वाडाच अधिक लोकांना ठाऊक आहे. दगडी किल्ला ढासळला तरी त्याचे चिरे उरतात, मातीच्या गढीचे तसे नसते. गढीची पांढरी माती धाब्यासाठी वा शेतात टाकण्यासाठी नेण्याची चाल दख्खनमध्ये जुनी असून, तिच्याबरोबर खापरे, मणी व नाणीही निघून जातात. या मातीत काय दडलेले असते, हे नासिक येथील गोदाकाठच्या ‘मातीची गढी’ या टेकाडाने दाखवून दिले. ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०–५१ मध्ये तेथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगापासून मुस्लिम-मराठा काळापर्यंतच्या वसाहतींचे थर एकाखाली एक मिळाले. हे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केले असल्याने नासिकच्या प्राचीन वसाहतीचा अभ्यास करणाऱ्यास पुण्याची वाट धरावी लागते.

आधुनिक काळातील काही स्थळांचे महत्त्व वास्तूपेक्षा तेथे घडलेल्या प्रसंगात आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. पैठणीच्या विणकामासाठी ख्यातनाम असलेले येवले हे तात्या टोपे यांचे जन्मगाव होय. येथेच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. नासिकच्या काळाराम मंदिरातील प्रवेशासाठी १९३० मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहाची ही परिणती होती. नागपूरच्या १९५६ मधील धर्मांतराची दिशा येथे ठरली. ही जागा ‘मुक्तिभूमी’ म्हणून ओळखली जाते. येवल्यास येणारा प्रवासी बहुधा पैठणी घेऊन परततो. पण अणकाईच्या वाटेवरचे हे गाव त्या जागेसाठीही थांबण्याजोगे आहे.

लासलगावचे स्वतःचे महत्त्व मात्र लोहमार्गानंतरचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातून आगगाडी धावू लागली आणि माल डोंगराकडील जुन्या पेठांऐवजी स्थानकाकडे वळला. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती १ एप्रिल १९४७ रोजी स्थापन झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये येथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून विकिरण प्रक्रियेचे केंद्र सुरू केले. २००७ मध्ये अमेरिकेस निर्यात झालेल्या आंब्यांवर याच केंद्रात प्रक्रिया झाली. लिलावाच्या वेळी बाजार आवारात ओळीने उभ्या राहणाऱ्या कांद्याच्या गाड्या चांदवड, येवले, निफाड या तालुक्यांतूनच आलेल्या असतात.