कौल, पत्रा आणि गच्ची : पनवेलच्या निमित्ताने

आपल्याकडे इतिहास म्हटला की गड, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभी राहतात. ज्या छपराखाली आपले पूर्वज जन्मले, निजले आणि वैशाखाच्या दुपारी घामाने भिजत पडून राहिले, त्या छपराचा इतिहास सांगावा असे क्वचितच कोणाच्या मनात येते. वास्तविक मनुष्य आणि ऋतू यांच्यामधील झगडा राजाराजांमधील झगड्याहून जुना आहे. आणि त्यातील जय, पराजय व तडजोडी अद्याप आपल्या भिंतींवर व आढ्यांवर वाचता येतात. अशा वाचनास पनवेलसारखे सोयीचे गाव कोकणात दुसरे क्वचितच सापडेल.

याचे कारण पनवेलच्या जागेत आहे. एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस घाटाची वाट, यांच्यामध्ये हे गाव वसले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा पुण्याकडून येणारा माल व माणूस पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून होडीने मुंबईस जाई. देशावरून उतरणारा गाडीवान परत जाताना येथून चाकांची एक जोडी विकत घेऊन जाई, इतकी पनवेलच्या चाकांची ख्याती होती. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. म्हणजे महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या नगरपालिकांत तिची गणना होते. पुढे १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली व ती कर्जत-कल्याणच्या वाटेने गेल्यामुळे पनवेलच्या बंदराचे दिवस फिरले. परंतु तोवर देश आणि कोकण यांची जी भेट येथे व्हावयाची ती होऊन गेली होती. देशावरच्या वाड्याची जाड भिंत आणि कोकणच्या घराची उतरती पाखी या दोन्ही गोष्टी या गावाने शेजारी शेजारी पाहिल्या.

या दोन घरांमागे दोन निराळे विचार आहेत, आणि ते समजण्यास दोन हवांचा फरक आधी समजला पाहिजे. मे महिन्यात पुण्याचा पारा दुपारी सरासरीने ३७ अंशांच्या आसपास चढतो व पहाटे २२-२३ पर्यंत उतरतो. मुंबईच्या किनाऱ्यावर त्याच महिन्यात दुपारी ३३-३४ अंश असतात, पण पहाटेही २७ च्या खाली पारा सहसा जात नाही. दिवस व रात्र यांच्यामधील अंतर तेथे सुमारे पंधरा अंशांचे, येथे सहा-सात अंशांचे. देशावरच्या घराची दोन-दोन हात जाडीची भिंत ही एक प्रकारची सावकारी पेढी होय. ती दिवसाची उष्णता आपल्यापाशी ठेव म्हणून घेते आणि रात्र थंड झाल्यावर सावकाश परत करते. दरम्यान घरातील माणूस सुखी राहतो. परंतु जेथे रात्रच थंड होत नाही, तेथे ही ठेव परत करावयाची कोणाला? किनाऱ्यावरची जाड भिंत रात्री खोलीतल्या माणसाच्या अंगावरच आपले देणे फेडीत बसते.

दुसरी गोष्ट हवेतील ओलाव्याची. मनुष्याचे शरीर घामाने थंड होते, म्हणजे घाम वाळल्याने थंड होते. तो नुसता आल्याने नव्हे. कोरड्या हवेत घाम क्षणात उडून जातो. किनाऱ्यावर हवा आधीच पाण्याने तृप्त असल्यामुळे तो अंगावरच निथळत राहतो. इंग्लंडातील कॉर्नवॉलच्या खाणींचा अभ्यास करणारे शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी १९०५ साली असे दाखवून दिले की, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा सुमारे ३१ अंशांच्या वर गेला, तर निश्चल हवेत माणसाच्या अंगातली उष्णता चढू लागते. यातील ‘निश्चल हवेत’ हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. वारा असला म्हणजे तेच शरीर अधिक सोसू शकते. वाळ्याचे ताटे दारास लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची युक्ती उत्तरेकडे व देशावर इतकी गुणकारी. परंतु कोकणात ती रुजली नाही याचे कारण हेच. ओल्या हवेत आणखी ओलावा घालून कोणास गारवा मिळणार?

म्हणून कोकणच्या घराने उष्णता साठविण्याचा मार्ग सोडून ती अंगावर येऊच न देण्याचा आणि वारा अडवावयाचा नाही असा मार्ग धरला. भिंत गरिबाघरी कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणमातीने लिंपलेली. दक्षिणेकडे सधनाघरी जांभ्याची, तर पनवेलच्या बाजूस काळ्या दगडाची किंवा विटांची. परंतु भिंत कसलीही असो, ती उन्हात उभी राहत नसे. तिच्या पुढे ओटी, ओटीपुढे पडवी, आणि पडवीवरून इतक्या खाली उतरलेली पाखी, की पाहुण्याला वळचणीखालून वाकून आत यावे लागे. पागोळ्यांपासून भिंत वाचविणारी ही पाखी आठ महिने उन्हापासूनही तिला वाचवी. माजघरावर माळा, माळ्यावर भाताची कणगी, पेंढा, सुक्या शेंगा आणि पावसाळ्याची बेगमी. आपण त्यास अडगळ म्हणतो. परंतु छपराची धग आणि खाली निजणारा मनुष्य यांच्यामध्ये ही अडगळच उभी असे. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जाई. आज ज्यास आपण उष्णतारोधन म्हणतो ते यापरते दुसरे काय आहे? फरक इतकाच की, त्यासाठी निराळे साहित्य विकत आणावे लागत नव्हते.

या व्यवस्थेची किंमत मात्र होती, आणि जुन्याचे गोडवे गाताना ती विसरणे बरे नव्हे. मृगाच्या आधी दरवर्षी घर शाकारावे लागे. नळीची कौले माकडांनी, वाऱ्याने आणि मांजरांनी सरकविलेली असत. ती परतावयाची, फुटकी बदलावयाची, वाळवी लागलेले वासे पाहावयाचे. गवताचे छप्पर असेल तर आगीचे भय कायमचे. घरात उजेड बेताचा, धूर पुष्कळ. सारवणाचे व शाकारणीचे श्रम ज्यांच्या वाट्यास येत, त्यांना या घराच्या गारव्याचे कौतुक सांगण्यास फुरसत नसे.

म्हणूनच पहिला बदल आला तो लोकांनी आनंदाने स्वीकारला. १८६५ साली मंगळुरास बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. गेओर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्याने येथील चिकणमातीचा उपयोग करून एकमेकांत अडकणारी चपटी कौले पाडण्यास आरंभ केला, आणि थोड्याच काळात ‘मंगळुरी कौल’ हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर घरोघर झाला. नळीच्या कौलांहून हे छप्पर वजनास हलके, गळतीस कमी आणि शाकारणीस सोपे. विशेष म्हणजे घराच्या मूळ तत्त्वास त्याने धक्का लावला नाही. उतार राहिला, माळा राहिला, कौलांच्या सांध्यांतून हवेची ये-जा राहिली. परदेशी यंत्र आणि देशी माती यांचा असा निर्दोष संसार आपल्या इतिहासात क्वचितच आढळतो.

पुढील पाहुणा इतका सालस नव्हता. नागमोडी लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये हेन्री पामर याने १८२९ साली घेतले होते. गोदीच्या कोठारांसाठी निर्माण झालेली ही वस्तू हळूहळू जगभर पसरली. कौलासाठी जितके वासे व रिपा लागतात तितके पत्र्यास लागत नाहीत, आणि लाकूड महाग होत गेले तसतसा हा गुण मोठा वाटू लागला. परंतु पत्रा म्हणजे उन्हाची तवा-परात. तो क्षणात तापतो आणि आपली धग सरळ खाली टाकतो. माळा नसलेल्या, ठेंगण्या खोलीवर तो घातला म्हणजे आत राहणाऱ्याचे डोके आणि भट्टी यांमध्ये दोन-तीन हातांचे अंतर उरते. गरिबांच्या वाट्यास आलेले हे छप्पर आहे, आणि अद्याप ते त्यांच्याच वाट्यास आहे.

तिसरा पाहुणा सिमेंट-काँक्रीटचा. मुंबईत १९३० नंतर मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानाच्या परिसरात ज्या इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्यांतील ओव्हलभोवतालच्या समूहास २०१८ साली जागतिक वारशाचे स्थान मिळाले, त्यांच्या खिडक्यांवर भुवयांसारखे पुढे आलेले छज्जे दिसतात. म्हणजे नवी सामग्री वापरणाऱ्यांना ऊन व पाऊस यांचा विसर पडलेला नव्हता. विसर पडला तो पुढे, जागेचा भाव चौरस फुटावर मोजू लागल्यावर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभारण्याचे काम सुरू झाले. त्याचे प्रारंभीचे मुख्य वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिआ हे होत. त्यांनी पुढे बेलापूर येथे लहान लहान अंगणांभोवती उतरत्या कौलांची बैठी घरे रचून दाखविली. परंतु त्यांतील अनेक घरांच्या जागी मालकांनी कालांतराने गच्चीची उंच घरे बांधली. त्यांस दोष देता येत नाही. कुटुंब वाढते, जमीन वाढत नाही. तथापि गच्चीच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारा प्रत्येक जण जाणतो की दुपारी तापलेला स्लॅब आपली उष्णता खोलीत सोडतो ती दिवेलागणीनंतर, म्हणजे नेमकी माणसे घरी परतल्यावर. देशावरच्या जाड भिंतीचा तो जुना हिशेब येथे डोक्यावर येऊन बसला.

यावर लोकांनी जो तोडगा काढला तो मोठा मौजेचा आहे. नवीन पनवेलमध्ये किंवा जुन्या गावात कोठल्याही उंच जागी उभे राहून पाहावे. गच्च्यांवर पत्र्याच्या उतरत्या शेडी पसरलेल्या दिसतील. सांगावयाचे कारण गळती. परंतु स्लॅबवर सावली आणि दोहोंमध्ये वाऱ्यास मोकळी जागा, ही रचना म्हणजे आजोबांचा माळाच नव्हे काय? जे वास्तुशास्त्राने काढून टाकले ते गृहस्थाने आपल्या खर्चाने परत बसविले.

दुकाने, कचेऱ्या व कोठारे यांची कथा याहून निराळी आहे आणि तिची सुरुवात बर्फापासून होते. १८३३ साली बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील सुमारे १०० टन कलकत्त्यास पोहोचले. विषुववृत्त दोनदा ओलांडूनही बर्फ टिकला तो लाकडाच्या भुशामुळे. कलकत्ता, मुंबई व मद्रास या तिन्ही बंदरांत बर्फघरे उभी राहिली; मद्रासचे १८४२ सालचे बर्फघर अजून उभे आहे आणि १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते. उष्णता अडविणे हाच ज्यांच्या बांधणीचा मुख्य हेतू, अशा आपल्या किनाऱ्यावरच्या व्यापारी इमारती म्हणून या बर्फघरांकडे पाहिले पाहिजे. त्यांचे तत्त्व कोकणच्या घराच्या नेमके उलट. तेथे वारा खेळता ठेवावयाचा; येथे त्यास चिरासुद्धा मोकळी सोडावयाची नाही.

आजची वातानुकूलित कचेरी ही या बर्फघराची वारस आहे. विलिस कॅरिअर याने १९०२ साली आपले यंत्र योजले तेही माणसाच्या सुखासाठी नव्हे. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे, त्यावर उपाय म्हणून. किनाऱ्यावर हा ओलावाच कळीचा ठरतो. थंड देशांत घरातील बाष्प बाहेर जाऊ पाहते, म्हणून तेथे बाष्परोधक पडदा भिंतीच्या आतल्या अंगास घालतात. आपल्याकडे ओघ उलटा. पावसाळ्यात येथील दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो आणि खोली त्याहून थंड केलेली असते; तेव्हा बाहेरचे बाष्प आत शिरून थंड पृष्ठावर पाणी होते. परदेशी पुस्तक पाहून पडदा आतून घातला, तर रोधनाचा कापूस भिजतो, निरुपयोगी होतो आणि भिंतीस बुरशी धरते. म्हणून येथे पडदा बाहेरच्या अंगास हवा. एवढी लहान गोष्ट. पण परक्या हवेचे शहाणपण जसेच्या तसे उचलण्याने काय होते याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

शासनासही आता हा विषय नियमांत बांधावासा वाटला आहे. व्यापारी इमारतींसाठी २००७ साली व निवासी इमारतींसाठी २०१८ साली ऊर्जासंहिता निघाल्या. दुसरीत असे म्हटले आहे की, भिंती व खिडक्या यांच्या प्रत्येक चौरस मीटरमागे आत शिरणारी उष्णता सरासरीने १५ वॅटच्या वर असू नये. छपरासाठी निराळी मर्यादा आहे. नियम चांगला आहे. परंतु तो नव्या व मोठ्या इमारतींस लागावयाचा; पत्र्याखाली राहणाऱ्यास त्याचा उपयोग नाही.

आणि खरा प्रश्न त्याचाच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल तालुक्यातील खारघर येथे उघड्या मैदानावर भर उन्हात एक मोठा सोहळा झाला व उष्माघाताने १४ माणसे मरण पावली. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातील मनुष्य हा आकडा ऐकून हसेल. परंतु किनाऱ्याच्या हवेत सावली नसली म्हणजे ३८ अंश पुरेसे होतात. मैदानावर जे काही तासांत घडले ते सर्वांच्या डोळ्यांस दिसले. जे पत्र्याच्या खोलीत रात्रीमागून रात्र, म्हाताऱ्यांच्या व तान्ह्या मुलांच्या बाबतीत घडत असते, ते दिसत नाही, इतकेच.

तेव्हा या इतिहासाचा निष्कर्ष काय? जुने घर परत आणा, असा नव्हे. ते येणार नाही व आले तर शाकारावयास कोणी मिळणार नाही. निष्कर्ष इतकाच की, किनाऱ्यावर घर दोनच प्रकारांनी सुखाचे होते. ते एक तर सावलीत उभे राहून वाऱ्यास मोकळे असावे, नाही तर बर्फघरासारखे नेटके बंद असावे. जे धड मोकळे नाही व धड बंदही नाही, ते वीज खाते आणि माणसासही खाते. आणि दोन्ही प्रकारांत पहिला खर्च छपरावर करावा. कारण कोकणात सूर्य डोक्यावरून येतो. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचा का होईना, पण एक माळा. स्लॅबवर पांढरी फरशी किंवा सावली. खिडकीवर हातभर छज्जा. आणि समोरासमोर दोन झरोके. यांतील एकही गोष्ट आपल्या पूर्वजांस नवी वाटली नसती. नगरपालिका जुनी आहे, महानगरपालिका २०१६ साली झाली आहे, विमानतळही २०२५ साली आला आहे. आता या वाढत्या शहराने आपल्या शेवटच्या खोलीवरही एक माळा घालावा, एवढीच अपेक्षा आहे.