वाटसरूचे गाठोडे

वारीला पहिल्यांदा निघणारा माणूस जाणत्या वारकऱ्याला एकच प्रश्न विचारतो. 'माउली, बरोबर काय काय घेऊ?' प्रश्न साधा दिसतो, पण पायी चालणाऱ्या माणसांचा सगळा इतिहास या प्रश्नाभोवती फिरला आहे. ज्याला गाडीने जायचे त्याला गाठोड्याची फिकीर नसते. ज्याला रोज पाच-सहा कोस चालायचे, त्याच्याशी मात्र गाठोड्यातली एकेक वस्तू बोलते. सकाळी गोड बोलते, दुपारी कुरकुरते आणि मुक्काम जवळ येईपर्यंत भांडायला उठते.

ओझे हलके करण्याचे चार मार्ग माणसाला सापडले आहेत. पहिला, ते दुसऱ्याच्या पाठीवर द्यावे, मग तो बैल असो, हमाल असो की ट्रक असो. दुसरा, तीच वस्तू वजनाने हलकी करून घ्यावी. तिसरा, त्या वस्तूवाचून चालवावे. आणि चौथा, दहाजणांनी मिळून ती वाटून न्यावी. या चारांपैकी कोणता मार्ग चालणाऱ्याला खरोखर मोकळा करतो, हे इतिहासालाच विचारू.

विचार फार जुना आहे. बौद्ध भिक्षूला जवळ आठच वस्तू बाळगायच्या असत. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. यात सुई आहे, म्हणजे नवे वस्त्र घेण्याआधी फाटलेले शिवायचे. आणि गाळण्याचे फडके आहे, कारण पाण्यातला जीव आपल्या पोटात जाऊन मरू नये. आठांतली एक वस्तू अशी दुसऱ्या जिवासाठी राखलेली.

तिकडे स्पेन देशात सांतियागो नावाचे क्षेत्र आहे. युरोपातले ख्रिस्ती यात्रेकरू तेथे हजार वर्षांहून अधिक काळ पायी जात आले. त्यांच्या बाराव्या शतकातल्या 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' या ग्रंथातल्या एका प्रवचनात यात्रेकरूच्या झोळीचा अर्थ उलगडला आहे. झोळी अरुंद असते, कारण यात्रेकरूने शिदोरी थोडी घ्यावी आणि भरवसा देवावर ठेवावा. झोळीचे तोंड बांधलेले नसते, कारण जे असेल त्यातले गरजूला देता आले पाहिजे. मजकूर परदेशातला आणि परधर्मातला, पण आपल्या कोणत्याही वारकऱ्याला तो परका वाटणार नाही.

आता जवळच्या काळात येऊ. अमेरिकेत अ‍ॅपलेचियन नावाची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यामाथ्यावरून दक्षिणेच्या जॉर्जिया राज्यापासून उत्तरेच्या मेन राज्यापर्यंत एक पायवाट जाते. १९३७ साली ती सलग झाली. चौदा राज्यांतून जाणारी ही वाट आज सुमारे ३५०० किलोमीटर भरते. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे २५० किलोमीटर धरले, तर चौदा वाऱ्या एका दमात केल्यासारखे झाले. वाटेवर ठिकठिकाणी तीन भिंतींच्या लाकडी ओसऱ्या आहेत. मात्र टाळ नाही, मृदंग नाही आणि पंगतही नाही. ज्याने त्याने आपले अन्न, पांघरूण आणि आसरा पाठीवर वाहायचा.

ही वाट एका मोसमात चालून गेल्याची पहिली प्रसिद्ध नोंद १९४८ सालची, अर्ल शॅफर यांची. ते दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. बालपणापासूनचा सवंगडी त्या युद्धात गेला होता, आणि मनातले युद्ध उतरवण्यासाठी ते चालू लागले. पाठीवर लष्करी धाटणीची पिशवी होती. चालता चालता त्यांनी तंबूचे ओझेही टाकून दिले आणि १२४ दिवसांत वाट पुरी केली.

पण माझ्या दृष्टीने या इतिहासाची खरी नायिका पुढे आली. तिचे नाव एमा गेटवूड. लोक तिला 'गेटवूड आजी' म्हणत. ओहायो राज्यातल्या शेतकरी घरातली बाई, अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. संसार सुखाचा नव्हता. नवरा मारझोड करी, पुढे काडीमोड झाला. मुले मार्गी लागली. एका मासिकात या पायवाटेवरचा लेख तिच्या वाचनात आला आणि तिने मनाशी गाठ बांधली.

१९५४ साली तिने उत्तरेकडून आरंभ केला. थोड्याच दिवसांत वाट चुकली, चष्मा फुटला, अन्न संपत आले. वनरक्षकांनी तिला घरी जाण्यास सांगितले. दुसरा कोणी असता तर पुढच्या खेपेस दुप्पट सामान घेऊन आला असता. आजी मात्र दुसऱ्या वर्षी दक्षिणेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मुलांना एवढेच सांगितले होते, की जरा चालून येते. ३ मे १९५५ रोजी निघाली आणि २५ सप्टेंबरला मेनमधल्या कटाडिन शिखरावर पोहोचली. १४६ दिवस लागले. वय ६७ वर्षे. ही संपूर्ण वाट एकटीने एका मोसमात चालणारी ती पहिली स्त्री.

तिचे गाठोडे पाहा. जाड कापडाची घरी शिवलेली पिशवी, तीही एका खांद्यावर. आत एक लष्करी घोंगडी, एक रेनकोट, कपड्यांचा एक जोड, थोडे औषधपाणी, चाकू, विजेरी. तंबू नाही, झोपण्याची खास पिशवी नाही. पायांत साधे कापडी बूट, त्यांचे सहा-सात जोड झिजले. खायला सुका मेवा, मनुका, डब्यातले तयार अन्न, शिवाय वाटेतला रानमेवा. ओझे बहुधा नऊ किलोंच्या वर जात नसे. आणि पावसासाठी काय, तर न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. दिवे घाटात सर आली की आपल्या मायबहिणी डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद घेतात आणि रात्री तोच खाली अंथरतात. आजीचा पडदाही असाच दुहेरी कामाचा. गरीब वाटसरूची अक्कल जगात सगळीकडे सारखीच धावते.

थंडीच्या रात्री ती दगड शेकवून त्यांच्या उबेवर झोपे. कधी वाळल्या पानांवर, कधी बाकावर, कधी शेतकऱ्याच्या घरी. कोणी दार उघडले, कोणी लावून घेतले. दारे लावली गेली तरी तिने पिशवीत वस्तू वाढवल्या नाहीत. पुढे १९५७ साली तिने हीच वाट पुन्हा पूर्ण केली आणि तिसऱ्यांदा टप्प्याटप्प्याने १९६४ साली. तिच्या आयुष्यात ओझी काय कमी होती? पण जी उतरवता येत होती ती तिने उतरवली होती. हा तिसरा मार्ग, वाचून चालवण्याचा.

पुढे दुसऱ्या मार्गालाही मोठा प्रवर्तक मिळाला. रे जार्डीन हे अंतराळविद्येच्या क्षेत्रात काम केलेले अभियंता आणि नाणावलेले गिर्यारोहक. त्यांनी पत्नीसह दूरदूरच्या वाटा चालून १९९२ साली एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे सरळ होते. जड तंबूऐवजी ताणलेले कापड घ्या, दोघांत एक गोधडी घ्या, पिशवी स्वतः शिवा, जड बुटांऐवजी हलके जोडे घाला. पायातले एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंइतके थकवते, हे चालणाऱ्यांच्या अनुभवाचे गणित आहे. अन्न, पाणी आणि इंधन सोडून उरलेल्या सामानाचे वजन वेगळे मोजायची रीतही या मंडळींत रूढ झाली. हे वजन साडेचार किलोंच्या आत आले की तो वाटसरू अतिहलका समजावा, असा त्यांचा दंडक.

आणि मग बाजार जागा झाला. जार्डीन यांनी सुईदोऱ्याने जे साधले ते दुकानात मिळू लागले. वस्तू जितकी हलकी, तितकी किंमत भारी. चार तोळे वजन कमी करण्यासाठी माणूस हजारो रुपये मोजू लागला. पाठ हलकी झाली, पण आपल्याजवळ सर्वांत हलके आहे की नाही ही नवी चिंता डोक्यावर बसली. सामान घटले आणि परिग्रह वाढला, असे हे उलटे गणित. दुसऱ्या मार्गाची मर्यादा येथे दिसते. हलकी वस्तू जरूर घ्यावी, पण तिच्यावाचून वाट अडते असे मानू नये. गेटवूड आजीची वाट अडली नाही.

आता आपल्या वाटेकडे येऊ. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी पादुका पालखीत घेऊन सोहळा सुरू केला. त्याआधी वारकरी गटागटाने किंवा एकटेदुकटे चालत. पुढे १८३२च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले. बाबा मूळचे शिंदे सरकारांच्या पदरचे सरदार. लष्कर कसे चालते, तळ कसा पडतो, सामान पुढे कसे जाते, हे त्यांना ठाऊक होते. अंकलीचे शितोळे सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचे अश्व आजही अंकलीहून चालत आळंदीस येतात.

म्हणजे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर देण्याचा पहिला मार्ग वारीने पूर्वीच स्वीकारला आहे, आणि त्यात गैर काही नाही. हजारो माणसे चालायची तर भांडी, राहुट्या, धान्य कोणीतरी वाहिलेच पाहिजे. पण वारीचे वैशिष्ट्य चौथ्या मार्गात आहे. विणेकरी वीणा जमिनीवर टेकवत नाही. थकला की ती त्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तुळशीवृंदावन एकीच्या मस्तकावरून दुसरीच्या मस्तकावर जाते. वस्तू एक, खांदे अनेक. म्हणूनच ज्याच्याकडे काही नाही असा माणूसही वारी करू शकतो. अमेरिकेतला वाटसरू एकटा आहे म्हणून त्याला तोळामासा मोजावा लागतो. आपल्याला तसे मोजावे लागत नाही, याचे कारण आपल्या पिशवीत नसून आपल्या शेजारी चालणाऱ्यात आहे.

येथेच सावध व्हायला हवे. ट्रक आला तेव्हा वारकऱ्याची पडशी हलकी झाली. मग ट्रक आहेच म्हणून पडशीची बॅग झाली आणि एकाच्या दोन झाल्या. हे ओझे नाहीसे झालेले नाही. पहाटे अंधारात ते कोणीतरी पोरगा चढवतो आणि दुपारी चिखलात कोणीतरी उतरवतो. बहुधा ही पोरे आपल्यापेक्षा गरीब घरची असतात. त्यांना पालखीमागे दोन पावले चालायला मिळत नाही. आपला हलकेपणा त्यांच्या पाठीवर जाऊन बसला असेल, तर तो हलकेपणा कसला? तसेच मुक्कामी फेकलेले प्लॅस्टिक आपण गावाच्या माथी ठेवून जातो. गावाने आपल्याला पाणी दिले, आपण त्याला ओझे दिले.

घरच्यांच्या मायेचाही विचार करावा. जपानचा थोर कवी बाशो १६८९ साली उत्तरेच्या पायी प्रवासाला निघाला. त्याने लिहून ठेवले आहे, की अंगापुरते निघायचे ठरवले होते. पण रात्रीच्या थंडीसाठी कागदी वस्त्र, पावसाचे साहित्य, शाई-कुंचला, आणि वर निरोप देणाऱ्यांच्या भेटी. टाकून देववत नाहीत, आणि खांदे तर दुखतात. आपल्याकडे लेकीसुना निघताना डबे भरून देतात ते याच मायेने. अशा वेळी डबा घ्यावा आणि पहिल्याच विसाव्याला सोडून दहाजणांत वाटावा. माया पोहोचते आणि वजन उतरते.

म्हणून निघण्याआधी एवढे करावे. सारे सामान अंथरून घरच्या काट्यावर तोलावे. एकेका वस्तूला दोन कामे देता येतात का पाहावे. उपरणे टॉवेल होते, रात्री उशीही होते. जोडे नवे नसावेत, पायाला मुरलेले असावेत. परत आल्यावर तीन ढीग करावेत. रोज लागलेले, कधीतरी लागलेले आणि न लागलेले. तिसरा ढीग पुढच्या वर्षी घरी राहील. अपवाद दोनच, औषधे आणि पावसाचे आवरण. ती न लागणे हीच देवाची कृपा, पण न घेणे हे धाडस, आणि त्या धाडसाचा भार शेवटी सोबत्यांवर पडतो. भिक्षूच्या आठ वस्तूंत जसे गाळण्याचे फडके, तशी आपल्या पिशवीतही एक वस्तू दुसऱ्यासाठी असावी. कोणाच्या फोडाला लावायला मलम, नाहीतर कोणाच्या तुटल्या वहाणेसाठी सुईदोरा.

आणि एखादी म्हातारी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, की माझ्याकडे वारीचे सामान नाही, मी कशी येऊ, तर तिला गेटवूड आजीची गोष्ट सांगा. मग तिची घोंगडी आपल्या पडशीत घ्या आणि तिला पुढे चालू द्या.

राम कृष्ण हरि.