मेंदूसाठी घडलेली साखर

पेट स्कॅनला आलेल्या माणसाला सुई टोचली की तासभर गप्प पडून राहायला सांगतात. बोलायचं नाही, काही चघळायचं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या, खिशात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी ठेवायची सवय असलेल्या माणसाला हा तास जड जातो. पण तोंड हललं की जबड्याचे आणि घशाचे स्नायूच सुईतली साखर ओढतात, पडद्यावर तेच उजळतात, आणि डॉक्टर शोधत असतात गालातली नाहीतर मानेतली गाठ.

टोचतात ती साखर म्हणजे फ्लुओरोडिऑक्सिग्लुकोज, दवाखान्याच्या बोलीत एफडीजी. तिच्या कर्करोगातल्या वापराचे मूळपुरुष बर्लिनचे ओटो वारबुर्ग. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं फस्त करतात, प्राणवायू असतानाही त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, हे त्यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. (१९३१चं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र श्वसनातल्या विकरावरच्या कामासाठी.) पुढे प्रागमध्ये योसेफ पात्साक आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवर फ्लुओरिन बसवला. त्यात किरणोत्सार नव्हता.

ती किरणोत्सारी करायची ठरली तेव्हा नजरेसमोर कर्करोग नव्हता, मेंदू होता. अमेरिकेत लुई सोकोलॉफ मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो हे मोजत होते. जिवंत माणसात ते बघता यावं म्हणून ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत तात्सुओ इडो, आल्फ्रेड वुल्फ, जोआना फाउलर यांनी या साखरेत किरणोत्सारी फ्लुओरिन-१८ घातला. ऑगस्ट १९७६मध्ये ती विमानाने फिलाडेल्फियाला गेली आणि अबास अलावी यांनी दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचली. पेशी ही साखर आत घेते, तिला फॉस्फेट जोडते, पण पुढची पायरी अडते आणि साखर तिथेच अडकून बसते. फ्लुओरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोन किरण विरुद्ध दिशांना सुटतात; यंत्र ती जोडी पकडतं. सीटी स्कॅन गाठीचा आकार सांगतो, पेट तिची भूक. ही भूक गाठ शोधायला वापरण्याकडे लक्ष वळलं ते मेंदूच्या मागून.

विमानाची घाई होती, कारण फ्लुओरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. म्हणून तो बनवणारं सायक्लोट्रॉन जवळ लागतं. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. आता पेट-सीटी नागपुरातही होतो. गडचिरोलीतल्या भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. साडेपाच तासांत या औषधाचा आठवा हिस्सा उरतो. तेव्हा औषध जंगलात जात नाही, पेशंटच निघतो.

आपल्या या खर्ऱ्याच्या पट्ट्यात पेटचं कौतुक जरा बेतानंच करावं, असं मला वाटतं. गालातला पांढरा चट्टा, न भरणारा व्रण, तीन बोटं मावू नयेत इतकं आखडलेलं तोंड, हे टॉर्च लावून गावच्या आशा सेविकेलाही दिसतं. पेटचं काम त्यानंतरचं: रोग दूर पसरला का, आणि उपचारांनंतर काही शिल्लक राहिलं का.

या दुसऱ्या प्रश्नावर ब्रिटनमध्ये डोकं-मानेच्या कर्करोगाच्या ५६४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०१६मध्ये आले. केमो-रेडिएशननंतर १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून मगच ठरवलं, तर मानेच्या शस्त्रक्रिया ५४ झाल्या. सरसकट करायच्या गटात २२१. जगण्याच्या प्रमाणात तोटा नाही. पण त्यातले बहुतेक कर्करोग घशाचे होते आणि बरेचसे एचपीव्ही विषाणूशी निगडित. आपल्याकडचे गालाचे आणि हिरड्यांचे कर्करोग शक्य असेल तिथे आधी कापून काढतात, म्हणून तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

बारा आठवडे थांबायचं कारणही साखरच. रेडिएशननं सुजलेला भाग तिला ओढतो, सुजलेली हिरडी ओढते, किडलेल्या दाताची मुळंही. वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेल्या तोंडात अशी उजळणारी ठिकाणं बरीच सापडतात. शंका उरली तर तिथला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावाच लागतो.