कॅरोलाइन, नो

‘द बीच बॉइज’ या कॅलिफोर्नियातील अमेरिकी रॉक बँडच्या ‘पेट साउंड्स’ (मे १९६६) या अल्बममधील तेरावे आणि शेवटचे गाणे. संगीत व गायन ब्रायन विल्सन (१९४२–२०२५) यांचे, शब्द जाहिरात-लेखक टोनी ॲशर यांचे.

१९६४ च्या डिसेंबरात विमानप्रवासात आलेल्या तीव्र घबराटीनंतर विल्सन यांनी दौरे सोडले आणि सगळे लक्ष स्टुडिओकडे वळवले. जानेवारी १९६६ मध्ये बाकीचा बँड जपानच्या दौऱ्यावर असताना त्यांनी हॉलिवुडमधील व्यावसायिक वादक जमवून मुद्रण चालू ठेवले. महिनाअखेरीस ‘वेस्टर्न रेकॉर्डर्स’मध्ये हे गाणे झाले. समुद्र, मोटारी आणि उन्हाळा यांच्या गाण्यांवर नाव मिळवलेला हा तरुण तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता.

विषय साधा आहे. प्रेयसीने लांब केस कापले, आणि त्यांच्याबरोबर तिचे पूर्वीचे निरागसपणही गेले. अल्बमचे पहिले गाणे लवकर मोठे होण्याची आस धरते. शेवटच्यात मोठे झालेल्या माणसाला काय गमावले ते कळते. पण या गाण्याचे दुःख शब्दांपेक्षा रचनेत अधिक आहे. बीच बॉइजची ओळख म्हणजे एकमेकांत मिसळलेले अनेक आवाज, आणि हा अल्बम तशा स्वरमेळांनी भरलेला आहे. त्याचे बारावे गाणे मात्र केवळ वाद्यांचे. दोन मिनिटांहून अधिक काळ माणसाचा आवाज कानी पडत नाही. मग पाण्याच्या रिकाम्या मोठ्या बाटलीवर हॅल ब्लेन यांनी दिलेले पोकळ ठोके येतात, हार्प्सिकॉर्ड आणि बासरी येते, आणि विल्सन गाऊ लागतात ते एकटेच. इतर कोणी साथीला येत नाही. ऐकणारा मनातल्या मनात त्या स्वरमेळाची वाट पाहत राहतो. हे गाणे त्या न आलेल्या आवाजांमुळेच एवढे लागते.

अल्बमआधी, मार्च १९६६ मध्ये, ते विल्सन यांच्या एकट्याच्या नावाने सिंगल म्हणून निघाले आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेले. सुटे ऐकले तरी ते सुंदरच आहे. त्याची खरी ताकद मात्र बारा गाण्यांच्या पाठीवर येण्यात आहे. गाणे विरल्यावर धडधडत जाणारी आगगाडी आणि विल्सन यांच्या बनाना व लुई या कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येते. हा भाग अल्बमसाठी जोडलेला असून सिंगलवर नाही.

वडील मरी विल्सन यांच्या सूचनेवरून टेपचा वेग किंचित वाढवून आवाज सुमारे अर्ध्या स्वराने चढवला गेला, म्हणजे गायक अधिक कोवळा वाटावा. मूळ वेगाची आवृत्ती १९९७ च्या ‘द पेट साउंड्स सेशन्स’ या संचात मिळते. तिच्यात विल्सन समजूतदार, सावरलेले वाटतात; १९६६ च्या आवृत्तीतला तो कोवळा, न पेलणारा आवाजच या गाण्याला शोभतो.