बधिर पायांची मोजमापे

मधुमेहींसाठी चपला-बुटांत बसवायची आतली गादी, म्हणजेच इन्सोल, आज मोबाइलने टिपलेल्या प्रतिमेवरून आखता येत असली, तरी या विद्येचा उगम मधुमेहाच्या दवाखान्यात नव्हे, तर दक्षिण भारतातील कुष्ठरोग्यांच्या शुश्रूषेत आहे.

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक रॉयल व्हिटमन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सपाट पायांसाठी प्लास्टरच्या साच्यावरून धातूची पट्टी घडवत; मात्र ती कुठे बोचते हे रुग्ण स्वतः सांगू शकत असे. कुष्ठरोगात आणि दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतू निकामी होऊन पाय बधिर होतात, त्यामुळे ही सोय उरत नाही. 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्याच्या पायावरील व्रण मांस आपोआप सडल्याने होत नाहीत, तर चालताना एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या, निरोगी माणसाला नकळत पाऊल बदलायला लावणाऱ्या दाबाने होतात. सूक्ष्म हवेचे कप्पे असलेल्या मऊ रबराची जी चप्पल या विचारातून रुळली, तीच महाराष्ट्रातही ‘एमसीआर चप्पल’ म्हणून ओळखली जाते आणि आता मधुमेहींनाही सुचवली जाते.

रुग्ण सांगू शकत नाही, तेव्हा दाब मोजावा लागतो. त्यासाठी कमीअधिक उंचीच्या रेघांची, शाई लावलेली रबरी चटई वापरात होती. तिच्यावर पाऊल ठेवले की खाली अंथरलेल्या कागदावर जास्त दाबाची जागा गडद उमटे. 1966 मध्ये ब्रँड लुइझियानातील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेथे दाबाने फुटणाऱ्या रंगकणांचे मोजेही वापरले गेले. याच परंपरेचा लाभ पुढे मधुमेहींना मिळाला. 1993 पासून अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने पात्र मधुमेहींच्या उपचारात्मक बुटांचा व आतल्या गाद्यांचा खर्च उचलायला सुरुवात केली.

आकार घेण्याच्या पद्धती मात्र झपाट्याने बदलल्या: आधी प्लास्टर, मग पाऊल दाबून ठसा उमटवायची फोमची पेटी, पुढे लेझर स्कॅनर आणि आता फोन. 2017 च्या आयफोन एक्सने चेहरा ओळखण्यासाठी अदृश्य अवरक्त ठिपके टाकून खोली मोजण्याची जी युक्ती आणली, तिच्यामुळे तळपायाचा त्रिमित आराखडा घेणे सोपे झाले. साध्या फोननेही अनेक कोनांतून छायाचित्रे घेऊन तो जुळवता येतो आणि त्यावरून गादी थेट छापता किंवा कोरता येते.

या सोयीचे अप्रूप रास्त असले, तरी कॅमेरा फक्त आकार पाहतो, तोही बहुधा अधांतरी धरलेल्या पावलाचा. उभे राहिल्यावर चवड्याखालच्या कोणत्या हाडावर भार एकवटतो हे त्याला दिसत नाही, आणि नेमका तिथेच व्रण होतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, पूर्वी चवड्याखाली व्रण होऊन गेलेल्या मधुमेहींमध्ये आकार आणि दाब दोन्ही जमेस धरून बनवलेल्या गाद्या वापरणाऱ्यांना, केवळ आकारावरून बनवलेल्या गाद्या वापरणाऱ्यांपेक्षा, पुन्हा व्रण कमी झाले.